राणी खिल्लारेची गप्प बसायची नोकरी

राणी खिल्लारेला गप्प बसण्याचा पगार मिळतो, हे तिनं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवून हसले. ही पोरगी शाळेत माझी विद्यार्थिनी होती. गप्प बस म्हणून सांगून सांगून माझा घसा बसायचा. तिचे वडील प्रेमानंद हिंगोली आगारात कंडक्टर. 'चला सेनगाव, साखरा' अशी त्यांनी हाक दिली की स्टँडवर डुलक्या घेणारी माणसं पिशव्या सावरत उभी राहायची. पोरीनं आवाज बापाचा उचललेला आणि माघार न घेण्याची सवयही.

काम असं होतं. हिंगोलीतल्या एका खाजगी संस्थेनं खेड्यातल्या बायकांसाठी आरोग्याची माहिती फोनवर आणली होती. नाव ठेवलं 'विचारपूस'. फोनवर ते उघडायचं, आपला प्रश्न लिहायचा नाहीतर बोलायचा, की उत्तर येतं. कुठल्या दवाखान्यात कोणत्या वारी कोण डॉक्टर असतात, तेही त्यात बघायला मिळतं. गावोगाव वाटण्याआधी हे बायकांना खरंच वापरता येतं का, ते राणीनं तपासायचं. बाईच्या हातात फोन द्यायचा, शेजारी बसायचं, ती काय दाबते, कुठं अडते, कुठं वैतागते ते बघायचं. सांगायचं मात्र काहीच नाही. बोट दाखवलं की ती तपासणी बाद.

मलाही त्यांनी कामाला लावलं होतं, ऱ्हस्व-दीर्घ बघायला. मी निवृत्त शिक्षिका, मला एवढंच येतं असा त्यांचा समज. मजकूर पुण्याहून लिहून आलेला, त्यात 'सदर लक्षणे आढळल्यास' वगैरे थाट. मी म्हटलं, असं कोण बोलतं? तर उत्तर आलं, मजकुराला हात लावायचा नाही, फक्त शुद्धलेखन बघा. म्हटलं ठीक आहे. वेलांट्या मोजत बसले.

राणीची खरी पंचाईत पहिल्याच आठवड्यात झाली. आपल्याकडे समोरचं माणूस अडलंय आणि शेजारचं नुसतं बघत बसलंय, हे कुणाला सहन होत नाही. वारंगा फाट्यावर चहाचं हॉटेल चालवणाऱ्या चांगुणाबाईंनी तर फोन तिच्या मांडीवर आपटला. "शिकलेली पोरगी तू, अन् एवढं बी सांगून न्हाई राहिली? नुसती टकामका बघून राहिली. कुणाची गं तू?" राणी हात मांडीखाली दाबून बसली होती, कारण ते आपोआप पुढं जात होते. "मावशी, परीक्षा तुमची नाही, फोनची आहे," एवढंच ती म्हणाली. चांगुणाबाई म्हणाल्या, "मंग फोनाला बस म्हण परीक्षेला, मला गिऱ्हाईक हाय."

पण गप्प बसल्यामुळं तिला जे दिसलं ते बोलून दिसलं नसतं. फोनवर एका कोपऱ्यात 'मागे' असं लिहिलेलं होतं. एका बाईंनी ते वाचलं आणि मान वळवून मागं बघितलं. मागं भिंत होती. त्यांनी भिंत नीट न्याहाळली आणि विचारलं, "काय हाय मागं?" दुसरीकडं 'शोधा' असं बटण होतं. ते बघून एक आजी म्हणाल्या, "माझं काई हरपलं न्हाई बाई, मी कशाला शोधू?" राणी संध्याकाळी येऊन हे सगळं मला नकला करून दाखवायची आणि मी पोट धरून हसायची. दुसऱ्या दिवशी ती नरसिंग सरांना सांगून शब्द बदलून घ्यायची. 'शोधा'चं 'विचारा' झालं, 'मागे'चं 'परत जा' झालं.

नरसिंग सर म्हणजे या कामाचा प्रमुख, आमच्याच हिंगोलीचा. पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी करून परत आलेला, सरळ माणूस. घाई मात्र अशी की चहासुद्धा उभ्यानं प्यायचा. राणीचं तो ऐकायचा, आणि काम छान चाललं होतं. लेकराला ताप आला तर काय करायचं, लस कधी टोचायची, शुगर वाढली तर काय खायचं, असे प्रश्न राणी बायकांना द्यायची आणि बायका फोनवर उत्तरं काढायच्या. नरसिंगनं उद्घाटनाच्या कार्यक्रमाची तारीख ठरवली, पाहुणे बोलावले, मांडववाल्याला सांगितलं. आता राणीनं 'वापरायला योग्य' असा शेरा दिला की गाडी सुटणार. शेवटचं गाव तेवढं राहिलं होतं, साखऱ्याजवळचा बंजाऱ्यांचा तांडा.

तिथं तिला मिराबाई राठोड भेटल्या. पुढचं सगळं मी लिहितेय ते मिराबाईंनीच लिहा म्हणून सांगितलं म्हणून, नाहीतर असल्या गोष्टी मी चव्हाट्यावर आणल्या नसत्या.

मिराबाईंचं वय पन्नाशीच्या पुढं. चौथी शिकलेल्या, नवरा वारलेला, मुलगा ट्रकवर, घरात सून संगिता आणि नातवंडं. बाई ताठ. तांड्यात कुणाचं भांडण असलं तर मिराबाई काय म्हणतात ते आधी ऐकलं जातं. राणी तांड्यातल्या पोरींबरोबर शिकलेली, त्यामुळं म्हाताऱ्या बायकांना त्यांच्यासारखंच 'याडी' म्हणते, म्हणजे आई. तिनं फोन दिला, प्रश्न दिले. मिराबाईंनी एका बोटानं, ओठ हलवत, पण एकदाही न चुकता सगळी उत्तरं काढली. तापाचं वाचलं आणि मान हलवली, "बराबर हाय." लसीचं वाचलं, "हे बी बराबर." राणी मनातून खूष झाली. तपासणी संपली असं समजून तिनं फोन घ्यायला हात पुढं केला.

मिराबाईंनी फोन दिला नाही. सुनेला म्हणाल्या, "संगिता, शेळीला पाला टाकून ये." संगिता म्हणाली टाकलाय. "मंग अजून टाक," मिराबाई म्हणाल्या. ती गेल्यावर त्यांनी राणीला हळूच विचारलं, "याच्यात आपल्या मनचं बी इचारता येतं?"

राणीला अशा वेळी उत्तर द्यायची परवानगी नाही. "तुमाला काय वाटतं, याडी?"

"मला वाटतं म्हणून तं इचारून राहिले ना बाई!" मिराबाई चिडल्या. मग त्यांनी बोलायच्या बटणाकडं बघितलं, शेजारच्या घराच्या भिंतीकडं बघितलं आणि बोलायचा बेत सोडला. बोटानं लिहायला घेतलं. बराच वेळ लागला. राणी वाकून बघत होती. फोनवर अक्षरं उमटली, 'अंग बाहेर येतं'.

आता वाचणाऱ्या बायकांना मी याचा अर्थ सांगायला नको. पुरुषांसाठी सांगते. बाळंतपणं आणि जड कामं यांनी पोटातली पिशवी सैल होते आणि खाली उतरते. उठता-बसता, खोकताना, ओझं उचलताना ती बाहेर येते. बाई चार माणसांत धड उभी राहू शकत नाही की धड बसू शकत नाही. मराठवाड्यातली कुठलीही बाई याला अंग बाहेर येणं म्हणते, आणि म्हणते तेही फक्त स्वतःशी. वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढते. मिराबाईंना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. याला इलाज आहे का? आणि ती कुणालाही न विचारता जाणून घ्यायची होती.

फोननं उत्तर दिलं. नुसतं दिलं नाही, खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. "उन्हात बाहेर पडताना अंग पूर्ण झाकेल असे सुती कपडे घालावेत. डोक्यावर रुमाल अथवा पदर घ्यावा."

मिराबाईंनी फोन पदराखाली दाबला. तो पदराखालूनही पाणी भरपूर प्यायला सांगत होता. भिंतीपलीकडून शेजारीण हसली, "काय गं मिराबाई, ऊन लागलं काय तुला?"

"लागलं व्हय, लागलं!" मिराबाईंनी ओरडून सांगितलं. आवाज थांबल्यावर फोन बाहेर काढला, पुसला आणि राणीच्या हातात ठेवला. हसल्यासुद्धा. "डोकं झाकून हिंड म्हणून राहिला. डोकं तं झाकलेलंच हाय." मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "यात न्हाई. म्हंजे याला इलाज नसंल."

राणीनं नियम मोडला. ती म्हणाली, "हाय याडी. इलाज हाय. मी घेऊन जाते तुमाला हिंगोलीला."

"तुला कुणी सांगितलं? तुझं लगीन न्हाई, लेकरू न्हाई." मिराबाईंनी मान हलवली. "तापाचं त्यानं बराबर सांगितलं, लसीचं बराबर सांगितलं. याचं असतं तं सांगितलं नसतं काय? इलाजच न्हाई त्याला, अन् मी दवाखान्यात जाऊन चारचौघांत हसं करून घेऊ? माझ्या सासूनं बी असंच काढलं. आन हाय तुला, कुणापाशी बोलशील तं."

त्या संध्याकाळी राणी माझ्याकडं आली ती नकला करायला नव्हे. चपला काढायच्या आधीच रडायला लागली. "बाई, मी गेले नसते तर बरं झालं असतं. आधी तिला निदान शंका तरी होती, असेल कदाचित इलाज. आता तिची खात्री झाली." नाव तिनं सांगितलं नाही, तांड्यातली एक बाई एवढंच म्हणाली. मला तिचं पटलं आणि माझं डोकंच फिरलं. फोन साफ चुकला असता तर बाईनं तो फेकून दिला असता. त्यानं आधी चार गोष्टी खऱ्या सांगितल्या, म्हणून पाचव्या वेळचं त्याचं 'नाही' तिला खरं वाटलं.

मी तिला जेवायला वाढलं आणि म्हटलं, "रडून झालं असेल तर उद्या तुझा खरा आवाज काढ. मीही येते."

दुसऱ्या दिवशी नरसिंगच्या खोलीत राणीनं झालं ते सांगितलं, नाव सोडून. ते शब्द तिनं सगळ्यांसमोर जसेच्या तसे उच्चारले, बापाच्या आवाजात. तिथली पोरं कॉम्प्युटरमध्ये तोंड घालून बसली. नरसिंगचे कान लाल झाले. पण माणूस प्रामाणिक, त्यानं लगेच तपासून बघितलं. "राणी, माहिती आत आहे. डॉक्टरांनी तपासलेली आहे. हे बघ, 'गर्भाशय भ्रंश'."

त्यातला भ्रंश शुद्ध होता, एवढं मी खात्रीनं सांगू शकत होते.

"सर, आहे, पण कुलपात आहे," राणी म्हणाली. "ज्या बाईला हा शब्द येतो तिला फोनची गरज नाही. ती डॉक्टरच असणार."

"मान्य. पण कार्यक्रम तोंडावर आलाय. पुढच्या सुधारणेत घालू. तोपर्यंत त्या बाईंना तू सांग ना समजावून."

"सांगितलं. तिला माझ्यापेक्षा फोनचं खरं वाटतं. तो भरवसा आपणच तयार केलाय, सर, त्यासाठीच तर आपण सगळे इथं बसलोय. आणि अशा बाया काय एकच असतील? गावोगाव फोन उघडतील, लपूनछपून एकदा विचारतील, तो म्हणेल डोक्याला रुमाल बांधा. परत कोण विचारणार? एकदा नाही म्हटलेल्या दारात माणूस परत जात नाही. मी शेरा देणार नाही."

नरसिंग चुळबुळला. "आणि असे शब्द मोठ्या पडद्यावर दिसले तर? पाहुणे काय म्हणतील? जरा अश्लील..."

मला शुद्धलेखनापुरतं बोलावलं होतं, पण आता बसवेना. मी उठले आणि म्हटलं, "नरसिंग, पाहुणे जिथून जन्माला आले त्याचं नाव ऐकून पाहुणे बिचकत असतील, तर त्यांना बोलावूच नकोस. अंग हा शब्द अश्लील नाही. तो बाईनं आपल्या दुखण्याला दिलेला शब्द आहे, आणि तुझ्या भ्रंशापेक्षा चांगलं मराठी आहे ते."

नरसिंगनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं, मग स्वतःच कीबोर्ड पुढं ओढला. "शब्द सांगा. सगळे सांगा." आणि राणीकडं न बघता म्हणाला, "पाहुण्यांना मी फोन करतो. तारीख पुढं जाऊ दे."

मला त्या क्षणी तो पोरगा फार आवडला. ठरलेला कार्यक्रम पुढं ढकलणं म्हणजे वरच्यांच्या शिव्या खाणं, आणि त्यानं त्या एकट्यानं खाल्ल्या.

पुढचे काही दिवस आम्ही दोघी शब्दांच्या मागं फिरलो. अंगावरून जातं, पांढरं जातं, पोटात गोळा फिरतो, कंबर मोडून येते, खाली जड वाटतं. कुणाला 'तुम्हाला होतं का' असं विचारलं की बायका नाही म्हणायच्या. 'दुसऱ्या कुणाला होत असलं तर ती काय म्हणेल' असं राणीनं विचारायला सुरुवात केली आणि बायका भडाभडा बोलायला लागल्या. त्या दुसऱ्या कुणाच्या तकलीफा फार बारकाईनं माहीत होत्या त्यांना. राणीनं आणखी एक गोष्ट बदलून घेतली. फोननं आपणहून आवाज काढायचा नाही. बाईनं वाच म्हटलं तरच वाचायचं. मजकूरही या वेळी आम्हीच लिहिला, आणि तो संस्थेच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून घेतला.

मग राणी पुन्हा तांड्यावर गेली. या खेपेला मीही बरोबर होते. मिराबाई कुडाला टेकून बसल्या होत्या. राणीला बघून म्हणाल्या, "परत कशाला आली? इचारून झालं ना एकदा."

"याडी, फोन नापास झाला होता. परत बसवलाय परीक्षेला."

मिराबाईंनी माझ्याकडं संशयानं बघितलं. मी म्हटलं, मी राणीची शिक्षिका, आणि कुडाबाहेर जाऊन बाजेवर बसले. आतलं दिसत होतं. संगिता भांडी घासत होती. मिराबाईंनी तिला काहीतरी काम सांगायला तोंड उघडलं, पण फोन हातात आल्यावर ते राहून गेलं. त्यांनी तेच लिहिलं. तसंच हळूहळू, ओठ हलवत. राणी शेजारी बसली होती, हात मांडीखाली.

उत्तर आलं. फोन गप्पच होता. मिराबाई अक्षर अक्षर लावून वाचू लागल्या, आणि आपण मोठ्यानं वाचतोय हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. "अंग बाहेर येणं हा त्रास पुष्कळ बायकांना होतो. यात बाईचा काही दोष नाही. याला इलाज आहे." तिथं त्या थांबल्या. पुन्हा तेवढंच वाचलं. "याला इलाज आहे. काही जणींना व्यायामानं बरं वाटतं. काही जणींना डॉक्टर पिशवी धरून ठेवणारं रबराचं कडं आत बसवून देतात. गरज पडली तर ऑपरेशन करता येतं. स्त्रियांच्या डॉक्टरला दाखवा."

भांडी घासायचा आवाज केव्हाच थांबला होता. संगिता हात न धुताच येऊन उभी राहिली होती. मिराबाईंनी मान वर केली आणि चपापल्या. फोन झाकायला पदर ओढला, पण उशीर झाला होता.

"आत्याबाई," संगिता म्हणाली, "ते कड्याचं काय हाय, परत वाचा."

"काहून?"

संगिता राखेनं माखलेल्या हातांकडं बघत राहिली. मिराबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा बदलला. "कवापासून?"

"धाकट्याच्या येळपासून."

"अन् सांगितलं काहून न्हाई मला?" मिराबाई कडाडल्या. "एका घरात राहतो आपण! एका ताटात जेवतो!"

"तुमी तरी कुठं सांगितलं, आत्याबाई?"

मला बाहेर बाजेवर हुंदका आवरला नाही. आत मिराबाईंनी सुनेला हाताला धरून खाली बसवलं. फोन तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "तुझं शिक्षण जास्ती हाय. बाईमाणूस डाक्टर कोणत्या वारी असती ते काढ यात." संगितानं काढलं. कुठं दाबायचं ते तिनं कुणाला विचारलं नाही.

त्या वारी सकाळच्या गाडीनं दोघी हिंगोलीला आल्या. राणी आणि मी स्टँडवर घ्यायला गेलो होतो. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीपुढं रांग होती, पुढं पुरुष, मागं पुरुष. राणी माझ्या कानात म्हणाली, "बाई, मी सांगू का आत जाऊन हळूच?" मी म्हटलं थांब. मिराबाई पुढं सरकल्या. खिडकीतल्या माणसानं नाव विचारलं, गाव विचारलं, मग न बघताच विचारलं, "काय त्रास आहे?"

मिराबाईंनी पदर नीट केला, संगिताला ओढून आपल्या शेजारी उभं केलं आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अंग बाहेर येतं. माझं बी, हिचं बी. लिहा."